सरकार बदललं तर छतावरच्या सोलरचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते आपल्या दोघांनाही कळेल. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत तुमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. छतावर शंभर किलोवॉटचं सोलर बसवायचंय, बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण घरात एकमत होत नाही. ट्रम्प परत आल्यावर अमेरिकेतलं हवामान धोरण ज्या झपाट्यानं उलटलं ते बघून तुमचे बाबा म्हणतात, "२०२९ ला इथंही सरकार बदललं तर पैसे पाण्यात जातील." आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, की लोकसभेला हवामानाकडे बघून मत देण्यात काही अर्थ आहे का, की हे सगळं वर कुठंतरी आधीच ठरलेलं असतं.

मी एनर्जी ऑडिटर आहे. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर या भागातल्या कारखान्यांची विजेची बिलं तपासायची, वीज नियामक आयोगाकडे हरकती लिहायच्या, यात बरीच वर्षं गेली. कोणाला किती जागा मिळतील हे मला विचारू नका. पण निवडणुकीचा निकाल विजेच्या बिलात कोणत्या रकान्यात उतरतो, ते मी जवळून बघत आलोय.

बाबांचा प्रश्न थोडा वळवतो. सरकार बदलेल का, यापेक्षा उपयोगाचा प्रश्न असा: कोणतं आश्वासन सरकार बदललं तरी टिकतं, आणि कोणतं सरकार तेच असूनही गुपचूप मरतं? माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे लोकसभेच्या निवडणुकीनं हवामान धोरणाची दिशा फारशी बदललेली नाही. निवडणुकीच्या आगेमागे ठरतं ते हे, की त्या धोरणाचा खर्च कोणाच्या खिशातून काढायचा. आणि उद्योग हा त्यातला नेहमीचा खिसा आहे.

हे सगळ्या देशांना लागू नाही, हे कबूल. अमेरिकेत निवडणुकीगणिक दिशाच फिरते, कारण तिथं बरंचसं धोरण राष्ट्राध्यक्षांच्या सहीवर उभं असतं. पॅरिसच्या हवामान करारात ओबामा गेले ते सिनेटची मंजुरी न घेता. मग २०१७ च्या जूनमध्ये ट्रम्प यांनी बाहेर पडायचं जाहीर केलं, २०२१ च्या जानेवारीत बायडन यांनी पहिल्याच दिवशी परत यायची सही केली, आणि २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी पुन्हा पहिल्याच दिवशी बाहेर पडायची. २०२२ चा इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट मात्र संसदेनं केलेला कायदा होता. तो नुसत्या सहीनं जाईना, त्यासाठी २०२५ च्या जुलैत दुसरा कायदा करावा लागला आणि मग सौर-पवनच्या करसवलती आवरत्या घेतल्या गेल्या. तरी एक गोष्ट बाबांना जरूर सांगा. अमेरिकेत पवनऊर्जेत सगळ्यात पुढं असलेलं राज्य टेक्सास आहे, आणि तिथं १९९५ पासून रिपब्लिकन पक्षाचाच गव्हर्नर आहे. वारा स्वस्तात वीज देत होता म्हणून पवनचक्क्या लागल्या, हवामानाच्या प्रेमापोटी नव्हे.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथं २०१२ च्या जुलैत कार्बनवर दर लागू झाला, २०१३ ची निवडणूक तेव्हाचे विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांनी जवळजवळ त्याच एका मुद्द्यावर लढवली, आणि २०१४ च्या जुलैत तो रद्द. खर्च लोकांच्या वीजबिलात दिसत होता, फायदा कुठंच दिसत नव्हता. पुढं २०२२ ला सरकार बदललं तेव्हा नव्या सरकारनं २०३० साठी ४३ टक्के कपातीचं लक्ष्य कायद्यात घातलं, पण तो सरसकट कार्बन कर परत आणायचं धाडस काही केलं नाही.

आता आपल्याकडे या.

३० जून २००८ ला मनमोहन सिंग सरकारनं हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २००९ च्या डिसेंबरात, कोपनहेगन परिषदेच्या तोंडावर, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लोकसभेत सांगितलं की २०२० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे जीडीपीच्या दर रुपयामागे होणारं उत्सर्जन, २००५ च्या तुलनेत २० ते २५ टक्क्यांनी खाली आणू. २०१४ ला सत्तांतर झालं. २०१५ ला मोदी सरकारनं पॅरिससाठी २०३० चा आकडा दिला तो ३३ ते ३५ टक्के, आणि २०२२ मध्ये तो ४५ टक्के केला. मोजायची पद्धत तीच, पायाभूत वर्षही तेच. सौर अभियान २०१० मध्ये २०,००० मेगावॉटचं सुरू झालं, २०१५ मध्ये त्याचं लक्ष्य थेट १,००,००० मेगावॉट झालं. पक्ष बदलला, फाइल तीच राहिली.

त्या १,००,००० मेगावॉटची मुदत २०२२ ची होती आणि ती हुकली. छतावरच्या ४०,००० मेगावॉटचं तर विचारूच नका. पण २०२४ च्या प्रचारात त्यावरून कोणी कोणाला जाब विचारल्याचं मला तरी आठवत नाही. लक्ष्य गाठलं म्हणून मत मिळत नाही आणि हुकलं म्हणून जात नाही, म्हणून ते कोणीही मोकळ्या मनानं वाढवू शकतो.

दिशा टिकण्याचं दुसरं कारण म्हणजे आपण कोळसा आणि सूर्य यातलं एक निवडलेलंच नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय आहे, तिथून उमरेड-सावनेरपासून चंद्रपूर-वणीपर्यंतच्या खाणी चालतात. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदा शंभर कोटी टनांच्या वर गेलं. आणि २०२५ च्या मध्यात देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅसच्या बाहेरचा झाला, म्हणजे २०३० चं लक्ष्य पाच वर्षं आधी. दोन्ही बातम्या खऱ्या, आणि दोन्हींचं श्रेय एकच सरकार घेतं. (क्षमता आणि प्रत्यक्ष वीजनिर्मिती यात गल्लत करू नका. निर्मितीत अजूनही कोळशाचाच मोठा वाटा आहे.) दुसरं कुठलंही सरकार आलं तरी याहून फार वेगळं काही करेल, असं मला वाटत नाही.

सरकार न बदलताही धोरण कसं मरतं, त्यासाठी कोळशावरच्या उपकराची गोष्ट सांगतो. ती मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा जास्त शिकवून गेली. २०१० मध्ये यूपीए सरकारनं कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला, त्यातून स्वच्छ ऊर्जेचा निधी उभारायचा होता. २०१४ ला नवं सरकार आलं तेव्हा आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांची पैज होती की हा जाणार. गेला नाही. त्याच वर्षीच्या बजेटात १०० झाला, पुढच्या वर्षी २००, त्याच्या पुढच्या वर्षी ४००. म्हणजे सत्तांतरात तो आठपट झाला. मग २०१७ ला जीएसटी आला आणि हे ४०० रुपये राज्यांच्या भरपाईच्या उपकरात विरघळले. पैसे जमत राहिले, पण स्वच्छ ऊर्जेशी त्यांचं नातं तुटलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तो उपकर काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला.

ऐकायला हे कर वाढल्यासारखं वाटतं. कागदावर मांडून बघा. दीड हजार रुपये टनाचा कोळसा घ्या. आधी ५ टक्क्यांनी ७५ आणि उपकराचे ४००, असे ४७५ रुपये. आता १८ टक्क्यांनी २७०. टनामागे २०५ रुपयांनी कर उतरला. भाव तीन हजारांच्या वर गेला की हिशेब उलटतो, पण वीजकेंद्रांना जाणारा बराचसा देशी कोळसा त्याच्या खालच्या भावाचा असतो. त्याच दिवशी सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला, तेव्हा पेपरांत मथळा सोलरचा आला. या सगळ्या प्रवासात उपकराची दिशा बदलली ती दोनदा, २०१७ ला आणि २०२५ ला. दोन्ही वेळा देशात लोकसभेची निवडणूक नव्हती आणि सरकारही तेच होतं.

तसंच औष्णिक केंद्रांच्या धुराचं. सल्फर डायऑक्साइड आणि बाकी प्रदूषकांसाठी कडक निकष २०१५ च्या डिसेंबरात निघाले, मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि २०२५ च्या जुलैत देशातल्या बहुतांश संचांना सल्फर काढायच्या यंत्रणेतून सूटच. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या संचांवर सक्ती राहिली, म्हणजे कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रं नागपूरपासून किती अंतरावर, हा एकदम धोरणाचा प्रश्न झाला! २०२३ च्या मे महिन्यात कोराडीला ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. भर उन्हाळा. एका बाजूला प्रकल्पात पोरांना नोकऱ्या द्या म्हणणारे, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि संत्र्याच्या पानांवर बसणाऱ्या राखेबद्दल बोलणारे. कोण कोणत्या पक्षाचा हे कळून तिथं काहीच कळलं नसतं. ज्याचं घर राखेच्या वाऱ्यात येतं तो एका बाजूला, ज्याचा पगार तिथून येतो तो दुसऱ्या, आणि काही घरांत दोन्ही.

मग निवडणुकीनं काही होतच नाही का? होतं, आणि ते तारखांत दिसतं. २०१९ च्या लोकसभेची घोषणा १० मार्चला झाली. शेतकऱ्यांच्या सौरपंपांची कुसुम योजना आणि विजेवरच्या गाड्यांच्या सबसिडीचा फेम योजनेचा दुसरा टप्पा, दोन्हींना त्याआधीच्या फेब्रुवारीत मंजुरी मिळाली होती. २०२४ ला आचारसंहिता १६ मार्चला लागली. घरांच्या छतांवरच्या सोलरची योजना २२ जानेवारीला जाहीर झाली आणि २९ फेब्रुवारीला मंत्रिमंडळानं ७५,०२१ कोटींना मंजूर केली, एक कोटी घरांसाठी, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये. हे अनुदान फक्त घरगुती ग्राहकांना आहे. तुमच्या कारखान्याला नाही, हेही इथंच स्पष्ट करतो, कारण एजंट लोक गोल गोल बोलतात.

उलट बाजूही आहे. फेमचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२४ ला संपला तेव्हा निवडणूक डोक्यावर होती, बजेट अंतरिम होतं. म्हणून चार महिन्यांची ५०० कोटींची तात्पुरती योजना आणली, तिलाही मुदतवाढ दिली, आणि पुढची पूर्ण योजना लागू झाली ती १ ऑक्टोबरला. मधल्या सहा महिन्यांत ई-रिक्षा आणि दुचाकी विकणाऱ्यांना ग्राहकाला नक्की किंमत सांगता येत नव्हती. दिशा तीच, पण छोट्या विक्रेत्याचा अर्धा हंगाम त्यात गेला. निवडणुकीचा खरा त्रास असा असतो.

आता तुमच्या बिलाकडे येतो. हा भाग जरा सावकाश वाचा.

२०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांना फटका बसला, विदर्भातही बसला. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात राज्य सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली, २०२९ च्या मार्चपर्यंत. नोव्हेंबरात विधानसभा होती. आता मोफत वीज द्यायची तर ती स्वस्तात मिळवायला हवी. त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आधीपासून तयारच होती: गावातल्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा, तीन रुपयांच्या आसपास युनिट घ्यायची, पंपांना दिवसा द्यायची. तिचं लक्ष्य आता १६,००० मेगावॉट आहे. म्हणजे मतांसाठी दिलेल्या मोफत विजेनं राज्यातल्या सौरऊर्जेला मोठा धक्का दिला, तोही पुढच्या दिशेनं. हवामानाचं नाव प्रचारात कोणी घेतलं नाही, पण शेतकऱ्याला रात्री पाणी द्यायला जावं लागू नये यासाठी जे केलं, त्यातून कोळशाची वीज कमी लागणार आहे. हे धोरण चांगलं की वाईट? मला चांगलं वाटतं. खर्च कोणावर, हा वेगळा प्रश्न.

कारण दिवसा ग्रीडमध्ये सौर वीज भरपूर झाली की दुपारच्या युनिटची किंमत उतरते आणि संध्याकाळच्या युनिटची चढते. आयोगाच्या २०२५ च्या दर आदेशांत हे उतरलं: सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत, त्यानंतर जादा आकार. तुमच्या बिलावर दिवसाच्या वेळांप्रमाणे ए, बी, सी, डी असे झोन असतात, बहुतेक लोक ते न बघताच एकूण रक्कम भरतात. मी कारखान्यात गेलो की आधी त्याच ओळी बघतो. कारण पूर्वी सोलरवाल्यांचं गणित सोपं असायचं: दुपारी जादा झालेली युनिटं ग्रीडला द्यायची आणि रात्रपाळीत तेवढीच परत घ्यायची. नव्या रचनेत दुपारची युनिटं मुख्यतः दुपारच्याच वापरातून वळती व्हायची, संध्याकाळच्या महागड्या युनिटातून नाही. यावर उद्योगांच्या भरपूर हरकती झाल्या, वाद अजून चालू आहेत आणि तपशील पुढंमागं होतील. पण दिवसाची वीज स्वस्त होत जाणार, हे कुठल्याही सुनावणीनं थांबणारं नाही.

थोडक्यात, सोलरचा पेबॅक, म्हणजे घातलेले पैसे वसूल व्हायचा काळ, जर कोणी हलवला असेल तर तो २०२९ च्या सरकारनं हलवायच्या आधीच हललेला आहे, आणि तो हलवला आयोगाच्या आदेशानं, ज्याच्या सुनावणीला तुमच्या-माझ्यासारखे कोणीही जाऊन बोलू शकतात आणि फारसे जात नाहीत.

बाबांच्या धास्तीत तथ्य असलेलं एक उदाहरणही देतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. आंध्र प्रदेशात २०१९ ला सरकार बदललं आणि जगनमोहन रेड्डींच्या सरकारनं आधीच्या काळातले सौर-पवन वीजखरेदीचे दर महाग आहेत म्हणून ते पुन्हा ठरवायचा घाट घातला. कंपन्या कोर्टात गेल्या. २०२२ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयानं करारातले दर पाळा असा निकाल दिला. करार टिकला, पण मधली जवळपास तीन वर्षं पैसे अडकले. मोठी कंपनी ते सोसते, शंभर किलोवॉटवाला सोसत नाही. लक्षात घ्या, हे राज्याच्या निवडणुकीनं झालं. वीज घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, पण वितरण कंपनी राज्याची. दिल्ली आकडा आणि पैसा ठरवते, मीटर मुंबई ठरवते.

आणि एक निवडणूक अशी आहे जिच्यात आपल्याला मतच नाही. तुमचा माल, किंवा तुम्ही ज्यांना सुटे भाग देता त्यांचा माल, युरोपात जात असेल तर तिथल्या सीमेवरच्या कार्बन कराकडे लक्ष द्या. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याची फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला आहे. लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियम त्यात येतं. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी आयात करणाऱ्यांना सूट मिळाली, पण ती तिथल्या आयातदाराला, तुमच्या टनांवर नाही. २०२४ च्या जूनमध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हरित पक्षांच्या जागा घटल्या, तेव्हा इथं अनेकांना वाटलं की हा कर आता बारगळेल. अटी सैल झाल्या, कर राहिला. कारण तो त्यांच्या कारखान्यांना बाहेरच्या स्वस्त मालापासून आडोसा देतो, आणि असा आडोसा डावे-उजवे दोघांनाही हवा असतो.

तेव्हा तुमच्या छताबद्दल माझा सल्ला असा. नेट मीटरिंगचा, म्हणजे जादा युनिटं ग्रीडला देऊन नंतर परत घेण्याचा, फायदा शून्य धरून हिशेब करा. दिवसाच्या पाळीत तुम्ही स्वतः जेवढं वापरता तेवढ्याच क्षमतेचं सोलर बसवा. नागपुरात एक किलोवॉट सरासरी दिवसाला चार युनिटं देतो, म्हणजे शंभराचे चारशे. साप्ताहिक सुट्टीला ती कुठं जाणार ते आधी ठरवा. वेल्डिंग, कॉम्प्रेसर यांतलं काही संध्याकाळचं काम दुपारी आणता आलं तर तो फायदा कोणतंही सरकार काढून घेऊ शकत नाही. शंभरऐवजी साठ किलोवॉट बसलं तरी चालेल, हे तुम्हाला विकणारा सांगणार नाही.

आयकरातली घसाऱ्याची (यंत्राची किंमत दरवर्षी घटते असं धरून मिळणारी) ४० टक्के सवलत धरायला हरकत नाही, पण तिच्याच जीवावर उडी मारू नका. पवनऊर्जेत २०१२ ला त्याच यूपीए सरकारनं ८० टक्क्यांची सवलत काढली आणि नव्या पवनचक्क्या लागायचं प्रमाण धाडकन खाली आलं. २०१४ ला नव्या सरकारनं ती परत दिली, २०१७ ला त्याच सरकारनं ती ४० वर आणली. इथंही तेच बघा, काढणारे आणि देणारे कोणत्याही एका रंगाचे नाहीत. एक बारीक गोष्ट: आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून सप्टेंबरच्या आत चालू होईल असं बघा. बाकी तुमच्या सीएला विचारा, कर रचना कोणती घेतलीय त्यावर ठरतं.

राहिला मताचा प्रश्न. २०२४ ला नागपूर पहिल्याच टप्प्यात होतं, १९ एप्रिलला. आचारसंहिता उठली ६ जूनला. म्हणजे आपल्याकडचा अख्खा उन्हाळा. नव्या कामाची टेंडरं अडकतात, मंजुरीसाठी निवडणूक आयोगाकडे पत्रं जातात, आणि उष्माघाताच्या आराखड्यावर काम करणारी तीच माणसं निवडणुकीच्या ड्युटीवर असतात. शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात मतदान कर्मचारी उष्णतेनं दगावले. त्याच सुमारास नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. सेन्सर बिघडला होता. पण ४५-४६ ला कोणाला बातमी वाटत नाही, त्यासाठी ५६ लागतं, हेही त्यातून कळलं. निवडणुका फेब्रुवारीत घ्या किंवा थंडीत घ्या, ही मागणी मला कुठल्याही पक्षाच्या हवामानाच्या परिच्छेदापेक्षा जास्त खरी वाटते.

ते परिच्छेद वाचायचे तर वाचा. २०२४ ला भाजपच्या जाहीरनाम्यात अपारंपरिक ऊर्जेचे आकडे होते, काँग्रेसच्या जाहीरनाम्यात पर्यावरण आणि हवामानासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचं आश्वासन होतं. मला दुसरं जास्त रस घेण्यासारखं वाटलं, कारण धुराच्या निकषांसारखी मुदतवाढ थांबवायची तर मंत्रालयाबाहेरचं कोणीतरी लागतं. पण ते प्राधिकरण मोफत विजेच्या आड आलं असतं तर काय झालं असतं, हे कुठल्याच पक्षानं सांगितलेलं नाही. दारात मत मागायला येणाऱ्याला मी एकच विचारतो: हे जे द्यायचं म्हणताय, ते कोणाच्या बिलात टाकणार?

आणि लोकसभेवर सगळा जीव टाकू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हतेच. २०२२ च्या मार्चपासून प्रशासक होता, आणि निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. पाणी कुठं तुंबतं हे ज्या माणसाला गल्लीच्या नावानिशी माहीत असतं, तो माणूसच जवळपास चार वर्षं त्या खुर्चीत नव्हता. नाल्यावरचं बांधकाम, झाडं, उन्हाळ्यात दुपारी बागा उघड्या ठेवणं, हे सगळं तिथं ठरतं. आता निवडून आलेले आहेत, तेव्हा त्यांना पावसाळ्याआधी गाठा.

तुम्हाला नेमका आकडा हवा असेल तर तीन गोष्टी टाका: गेल्या बारा महिन्यांची बिलं (झोनवार युनिटं दिसतील अशी, पहिलं पान नुसतं नको), मंजूर भार, आणि संध्याकाळी पाचनंतर कोणती मशीन चालतात त्याची यादी. छत पत्र्याचं आहे का आणि किती जुनं, तेही लिहा. पत्रा पाच-सात वर्षांत बदलायचा असेल तर आधी तो बदला, मग पॅनेलचं बघू.